नळीतला मोठा खडा, टाकलेला स्टेंट आणि पुढची तारीख

परभणी जिल्ह्यातल्या सेलूजवळच्या एका गावातून एका मुलाने आईबद्दल विचारलं आहे. आई ६४ वर्षांची. पित्ताशय सहा वर्षांपूर्वी दुर्बिणीने काढलेलं. गेल्या महिन्यात थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, उजव्या बरगडीखाली दुखू लागलं. एमआरसीपीत, म्हणजे पित्तनलिकेच्या एमआरआय तपासणीत, पित्तनलिका २० मिलिमीटर फुगलेली दिसली, आत दोन खडे, मोठा १८ मिलिमीटरचा. ईआरसीपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून नळीतला खडा काढायची प्रक्रिया, झाली, पण खडा निघाला नाही. पित्त वाहतं राहावं म्हणून स्टेंट, म्हणजे प्लॅस्टिकची बारीक नळी, टाकून घरी पाठवलं आणि सहा आठवड्यांनी बोलावलं. आता ताप नाही, कावीळ उतरली, जेवण व्यवस्थित आहे. घरात तीन मतं आहेत. मामा म्हणतात, पोट उघडून एकदाचं मोकळं करा. भाऊजी म्हणतात, हैदराबादला न्या. आई म्हणते, "बरं वाटायलंय मला आता, कशाला पुन्हा नळी घालायची?" शिवाय दीड वर्षापूर्वी तिच्या हृदयात स्टेंट बसवलेला आहे आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू आहेत.

मी छत्रपती संभाजीनगरात पोटविकारांवर उपचार करतो आणि माझ्या कामाचा मोठा भाग ईआरसीपीचाच आहे. या तीन मतांपैकी सगळ्यात धोक्याचं मत आईचं आहे. मामांचं किंवा भाऊजींचं ऐकलं तर खडा तरी निघेल. आईचं ऐकलं तर काय होतं ते मी वारंवार पाहतो, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहितो.

पहिली ईआरसीपी फसली असं घरात कुणी धरून चालू नका. आई आली तेव्हा नळीत अडकलेलं पित्त सडलेलं होतं. थंडी वाजून ताप, कावीळ आणि पोटात दुखणं ही तिन्ही लक्षणं एकत्र आली की पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झालाय असं आम्ही समजतो. अशा वेळी नळीतला दाब कमी करणं हेच खरं काम असतं. दाबाखालचे जंतू रक्तात घुसतात, आणि माणूस दगावतो तो त्यामुळे. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये गंभीर संसर्गाच्या रुग्णांवर केलेली एक तुलना आम्ही आजही शिकवतो. ज्यांचं पोट उघडून ऑपरेशन केलं त्यांच्यातले ३२ टक्के दगावले, ज्यांना फक्त दुर्बिणीतून नळी टाकून पित्त वाहतं केलं त्यांच्यातले १० टक्के. त्या दिवशी स्टेंट टाकून थांबणारा डॉक्टर शहाणपणाने वागला. तापाने फणफणलेल्या बाईच्या सुजलेल्या नळीत तासभर खड्याशी झटापट करणं हे धाडस नव्हे, चूक आहे.

आता खडा का निघाला नाही ते पाहू. यकृतातून येणारं पित्त ज्या नळीतून लहान आतड्यात उतरतं तिच्या शेवटाला स्नायूंची झडप असते. तोंडातून दुर्बीण आतड्यापर्यंत नेऊन, त्या झडपेला तारेने छेद देऊन खडा आतड्यात ओढून घ्यायचा, ही पद्धत १९७४ मध्ये जर्मनी आणि जपानमध्ये जवळजवळ एकाच वेळी सुरू झाली. साध्या छेदाने आणि खडा पकडणाऱ्या तारांच्या साध्या बास्केटने किंवा फुग्याने ८५ ते ९० टक्के लोकांचे खडे निघतात. उरलेल्या १० ते १५ टक्क्यांत तुमची आई आहे. खडा १५ मिलिमीटरच्या वर गेला की अवघड समजायचा. पण आकार हे एकच कारण नसतं. छोटे छोटे बरेच खडे एकमेकांना खेटून बसलेले असतील, खडा चौकोनी किंवा पिंपासारखा असून नळीच्या भिंतीला चिकटला असेल, खड्याखाली नळी चिंचोळी असेल किंवा एकदम वळत असेल, झडपेशेजारी आतड्याला पिशवीसारखा फुगवटा असेल, पूर्वी जठराचं ऑपरेशन होऊन रस्ताच बदलला असेल, तर १० मिलिमीटरचा खडासुद्धा हैराण करतो. तुमच्या कागदांत नळीच्या खालच्या टोकाची रुंदी ८-९ मिलिमीटर लिहिलेली आहे. नळी वर २० आणि खाली ९, मध्ये १८ चा खडा. त्या दारातून तो अख्खा बाहेर येणार नाही. दार मोठं करायचं किंवा खडा फोडायचा, बहुतेक वेळा दोन्ही.

"पित्ताशयच काढलंय तर खडा आला कुठून?" हा प्रश्न तुम्ही थोड्या रागाने विचारला आहे, आणि राग सर्जनवर आहे. ऑपरेशननंतर वर्ष-दोन वर्षांत नळीत खडा सापडला तर तो बहुधा तेव्हाच पित्ताशयातून निसटलेला असतो. सहा वर्षांनी सापडलेला खडा बहुतेक नळीतच नव्याने तयार झालेला असतो. फुगलेल्या नळीत पित्त साचून राहतं, त्यात जंतू वाढतात, आणि तपकिरी, मातकट खडे धरतात. यात सर्जनचा दोष शोधू नका. उलट एक चांगली बाजू आहे: हे तपकिरी खडे मऊ असतात, पित्ताशयातल्या कोलेस्टेरॉलच्या टणक खड्यांपेक्षा सहज फुटतात.

दुसऱ्या वेळी काय करतात ते क्रमाने सांगतो, म्हणजे तिथले शब्द कानावर पडले तर घाबरायला होणार नाही. आधी जुना स्टेंट पकडून काढतात. मग पूर्वीचा छेद पुरेसा नसेल तर थोडा वाढवतात. मग येतो मोठा फुगा. ही पद्धत २००३ पासून रुळली आणि माझ्या मते अवघड खड्यांच्या उपचारात यापेक्षा उपयोगी गोष्ट आली नाही. १२ ते २० मिलिमीटर रुंदीचा लांबट फुगा झडपेत अर्धा आत, अर्धा बाहेर ठेवायचा आणि त्यात एक्स-रेवर दिसणारं पातळ औषध दाबाने हळूहळू भरायचं. पडद्यावर फुगा दिसतो, पण मधोमध आवळलेला, जणू कुणी कमरेला दोरी बांधलीय. ती झडप. घाई करायची नसते. दाब थोडा वाढवायचा, थांबायचं, पुन्हा वाढवायचा. एका क्षणी ती कंबर पुसट होत जाते आणि फुगा सरळ होतो. तो अर्धा-एक मिनिट तसाच धरून ठेवायचा आणि सोडायचा. सगळं सुरळीत असेल तर त्या रुंद झालेल्या तोंडातून खडा ओढून घेता येतो. छेद लहान आणि फुगा मोठा अशी ही जोडी आहे, म्हणून रक्तस्रावही कमी होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या माणसासाठी हे फार मोलाचं आहे.

या फुग्याचे दोन नियम मी कधीच मोडत नाही. नळीच्या रुंदीपेक्षा मोठा फुगा फुगवायचा नाही. आणि खड्याखाली नळी खरोखर आकसलेली, म्हणजे आजाराने घट्ट झालेली असेल, तर हा मोठा फुगा वापरायचाच नाही. नळी फाटते. कंबर जात नसेल तरी जोर लावायचा नाही, तिथेच थांबायचं. तुमच्या आईची नळी खाली अरुंद आहे, म्हणून फुगा किती मोठा घ्यायचा ते मी खालच्या नळीची रुंदी बघूनच ठरवलं असतं. खड्याएवढा १८ चा नाही. तेवढ्यावर भागलं नाही तर उरलेलं काम खडा फोडून करायचं.

फोडण्याची जुनी आणि स्वस्त रीत म्हणजे यांत्रिक लिथोट्रिप्सी. तारांच्या बास्केटमध्ये खडा पकडायचा, त्यावर धातूची नळी सरकवायची आणि बाहेरचा दांडा फिरवायचा. तारा खड्यात रुततात आणि तो फुटतो. मऊ खडा असेल तर काही सेकंदांत काम होतं. टणक खड्याला मात्र कधीकधी तारा तुटतात किंवा खड्यासकट बास्केट आतच अडकतं. ते सोडवायचं साहित्य जवळ नसेल तर मोठी पंचाईत. म्हणून मोठ्या खड्याला हात घालण्याआधी खडा फोडायचं यंत्र खोलीत आहे का, ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे. चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही.

फुगा आणि बास्केट दोन्ही हरले तर कोलँजिओस्कोपी. मोठ्या दुर्बिणीच्या पोटातून एक बारीक दुर्बीण थेट पित्तनलिकेत जाते. आतापर्यंत आम्ही खडा सावलीसारखा एक्स-रेवर बघत होतो. इथे तो समोर दिसतो, पिवळसर तपकिरी, खडबडीत, त्यावर पित्ताचा थर. त्याला लेझरची तार टेकवायची, किंवा पाण्यात विजेची ठिणगी पाडणारी तार जवळ न्यायची आणि थोडे थोडे टवके उडवायचे. प्रत्येक झटक्यानंतर धूळ उडून समोर काही दिसत नाही. मग सलाईनने धुवायचं, थांबायचं, पुन्हा टेकवायचं. वेळ लागतो, पण हाती येणारं यश नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे. अडचण खर्चाची. ही बारीक दुर्बीण एकदाच वापरायची असते, आणि एकूण बिल सहज लाखाच्या पुढे जातं. नळीत पाणी सोडावं लागतं म्हणून संसर्गाचा धोकाही वाढतो, त्यामुळे आधी अँटिबायोटिक द्यावंच लागतं. माझा अनुभव असा की मोठा फुगा नीट वापरला तर बहुतेकांना इथपर्यंत यावं लागत नाही. ज्यांना पहिल्यापासूनच कोलँजिओस्कोपी सुचवली जाते त्यांनी निदान "फुग्याने जमणार नाही असं का वाटतं?" एवढं विचारावं.

मूत्रखड्यासारखे बाहेरून झटके देऊन पित्तनलिकेतला खडा फोडण्याची सोयही काही मोठ्या केंद्रांत आहे. आधी नाकातून नळीपर्यंत एक बारीक नळी ठेवून, त्यातून औषध सोडून खडा दाखवावा लागतो. मूठभर रुग्णांना ती उपयोगी पडते. तुमच्या आईला लागेल असं वाटत नाही.

आणखी एक मार्ग आहे तो म्हणजे वेळ. स्टेंट टाकून दोन-तीन महिने गेले की बऱ्याच वेळा मोठा खडा आकाराने कमी होतो किंवा ठिसूळ होतो. खडा आणि स्टेंट एकमेकांवर घासत राहतात, पित्त वाहतं राहतं, त्याचा हा परिणाम. तुमच्या डॉक्टरांनी सहा आठवडे दिले त्यामागे हाही विचार असणार. म्हणून सहा आठवडे वाया गेले असं मानू नका.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः लिहायला बसलो ती. तुमच्या आईच्या शरीरात दोन स्टेंट आहेत. हृदयातला धातूचा, आणि तो कायमचा आहे. तो काढायचा नसतो. पित्ताच्या नळीतला प्लॅस्टिकचा आहे, काही इंच लांब, शिसपेन्सिलीपेक्षा बारीक, आणि तो कायमचा नाही. घरातल्या लोकांच्या डोक्यात हृदयाचा स्टेंट बसलेला असतो. "स्टेंट टाकला, काम झालं" असं ते मानतात. प्लॅस्टिकच्या नळीत काही आठवड्यांतच जंतूंचा चिकट थर बसू लागतो. त्यावर पित्ताचा गाळ साचतो. तीन महिन्यांनंतर ती कधीही तुंबू शकते. तुंबली की आधी होता तसाच संसर्ग, आणि या वेळी नळीत खड्याच्या जोडीला एक परकी वस्तूही.

हे मराठवाड्यात का जास्त घडतं ते सांगतो. बीडकडून, आष्टी, पाटोदा, धारूरकडून माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच बाया ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आसपास टोळी निघते, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्यावर राहते आणि मार्च-एप्रिलमध्ये परतते. उचल घेतलेली असते. हंगाम सोडून येणं परवडत नाही, आणि मुकादम सोडतही नाही. स्टेंट तीन महिन्यांचा आणि हंगाम पाच-सहा महिन्यांचा. अशी एक बाई मला चांगली आठवते. पहिल्या वेळी ताप उतरला, ती कारखान्यावर गेली, परत आल्यावर दुखत नव्हतं म्हणून आली नाही, आणि पुढच्या हंगामातही तशीच गेली. ती परत आली तेव्हा रक्तदाब इतका खाली गेला होता की मोजता येत नव्हता आणि लघवी जवळजवळ बंद झालेली होती. एक्स-रेवर स्टेंट दिसत होता, कारण तो एक्स-रेवर दिसेल असाच बनवतात. त्याच्या वरच्या टोकाभोवती नवा खडा धरला होता, कणसाच्या दाण्यांसारखा एकात एक बसलेला. तो स्टेंट आम्ही ओढून काढू शकलो नाही. आधी त्याच्या शेजारून दुसरा टाकून पित्त वाहतं केलं, ती सावरली, मग काही आठवड्यांनी खडा फोडून दोन्ही काढले. ती वाचली. दर वेळी असं होत नाही.

तेव्हापासून आमच्याकडे स्टेंट टाकलेल्या प्रत्येक रुग्णाच्या फाइलवर पहिल्याच पानावर, वर, मोठ्या अक्षरात काढायची तारीख लिहितात. दोन फोन नंबर घेतो, आणि ऊसतोडीचं घर असेल तर त्यातला एक मुकादमाचा असतो. घरच्यांना सांगतो की हंगामाला जायचं असेल तर आधी या, आपण तारीख पुढे ढकलायची नाही, अलीकडे आणू. तुम्ही शेतकरी असाल. सोयाबीनची काढणी, तुरीची रास, लेकीचं बाळंतपण, यातलं काहीतरी मध्ये येणारच. त्याच्या आधी आईचं काम उरकून घ्या.

आता मामांचं मत. ऑपरेशन वाईट नाही. पित्ताशय अजून पोटात असेल, त्यात खडे असतील, माणूस तरुण आणि तब्येतीने धडधाकट असेल, आणि दुर्बिणीने पित्तनलिका उघडायला शिकलेला सर्जन जवळ असेल, तर एकाच वेळी पित्ताशय आणि नळी दोन्ही साफ करणं हा उत्तम उपाय आहे. तो ईआरसीपीपेक्षा कमी नाही. पण तुमच्या आईचं पित्ताशय आधीच काढलेलं आहे, त्या जागी चिकटलेलं असणार, हृदयात स्टेंट आहे आणि वय ६४. तिच्यासाठी मी दुर्बिणीचे सगळे उपाय संपल्याशिवाय ऑपरेशनकडे जाणार नाही. संपलेच, तर मात्र ऑपरेशनला नको म्हणणारा मी नाही. आयुष्यभर दर तीन महिन्यांनी स्टेंट बदलत राहण्यापेक्षा ते केव्हाही बरं. आयुष्यभर स्टेंट फक्त त्यांच्यासाठी ठेवायचा जे इतके थकलेले आहेत की दुसरं काहीच सोसणार नाही.

भाऊजींच्या हैदराबादबद्दल. नांदेड, परभणीकडची माणसं पूर्वीपासून उपचाराला हैदराबादला जातात, आणि तिथे या कामाचा देशातला फार मोठा अनुभव आहे. जायला काही हरकत नाही. पण मोठा फुगा, फोडणी यंत्र आणि ते वापरणारा हात संभाजीनगर, नांदेड, लातूरसारख्या शहरांत मिळू शकतो. तुमच्याच डॉक्टरांना सरळ विचारा: मोठा फुगा आहे का, बास्केट अडकलं तर सोडवायची सोय आहे का, दुसऱ्या वेळीही नाही निघाला तर पुढचं कुठे करणार? उत्तर स्पष्ट मिळालं तर तिथेच करा. आईची सगळी माहिती आणि पहिल्या वेळच्या फिल्म त्यांच्याकडे आहेत, आणि पहिल्या वेळी नळीचं तोंड कसं होतं हे त्यांनी स्वतः पाहिलंय. ते स्वतःच म्हणाले की इथे नको, पुढे न्या, तर तेही ऐका. तो कमीपणा नसतो. कुठेही गेलात तरी पहिल्या ईआरसीपीच्या फिल्म, एमआरसीपीची सीडी आणि स्टेंटची नोंद बरोबर न्या. नुसता डिस्चार्ज कागद पुरत नाही. खर्चाचं म्हणाल तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं आणि काय नाही, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती व्हायच्या आधी विचारा, नंतर नाही.

गोळ्यांबद्दल फार सांभाळून. दोनपैकी ॲस्पिरिन सहसा बंद करावी लागत नाही. दुसरी, बहुधा क्लोपिडोग्रेल, छेद द्यायचा असेल तर साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवतात. पण हे तुमच्या मनाने करायचं नाही. हृदयाच्या स्टेंटला वर्ष उलटलंय म्हणून बहुतेक डॉक्टर परवानगी देतील. वर्ष झालं नसतं तर मी खडा काढण्याचं पुढे ढकललं असतं आणि फक्त पित्ताच्या नळीतला स्टेंट बदलला असता, कारण तो बदलायला गोळी थांबवावी लागत नाही. हृदयाच्या डॉक्टरांचं लेखी मत घ्या, आणि गोळी पुन्हा कधी सुरू करायची तेही त्याच कागदावर लिहून घ्या. गोळी बंद करायचं लक्षात राहतं, सुरू करायचं विसरतं, आणि मग हृदयाचा झटका येतो. हे मी पाहिलेलं आहे.

प्रक्रियेनंतरचा सगळ्यात नेहमीचा त्रास म्हणजे स्वादुपिंडाला सूज. शंभरात तीन ते दहा जणांना येते, बहुतेकांना सौम्य. ती टाळण्यासाठी गुदद्वारातून इंडोमेथॅसिन किंवा डायक्लोफेनॅकची १०० मिलिग्रॅम सपोझिटरी देतात. साधी, स्वस्त गोष्ट आहे आणि तिचा उपयोग सिद्ध झालेला आहे. पहिल्या चोवीस तासांत पोटात वरच्या बाजूला जोरात दुखून पाठीत जात असेल, उलट्या होत असतील, तर गॅस समजून घरी बसू नका. काळी शी किंवा चक्कर आली तर रक्तस्राव असू शकतो, आणि तो आठवडाभरानेही होतो, विशेषतः गोळी पुन्हा सुरू केल्यावर. नळी किंवा आतडं फाटणं शंभरात एकापेक्षाही कमी, पण ते झालं तर गंभीर असतं. पोट कडक होऊन असह्य दुखणं हे त्याचं लक्षण.

पानफुटीची पानं, कुळथाचं पाणी, पथरीची पुडी यांनी पित्ताच्या नळीतला खडा जात नाही. मूत्रखडा वेगळ्या जागी असतो, वेगळ्या वाटेने निघतो. पित्त पातळ करणाऱ्या गोळीनेही १८ मिलिमीटरचा खडा विरघळणार नाही. कावीळ उतरवणाऱ्याकडे जाऊन माळ घालणं, नाकात थेंब सोडणं किंवा दंडावर डागून घेणं, याबद्दल मी कडक आहे. विषाणूची कावीळ बहुतेक वेळा आपोआप उतरते आणि श्रेय माळेला मिळतं. खड्याची कावीळ आपोआप उतरेलच असं नाही, आणि वाट बघण्यात गेलेले दोन दिवस जिवावर बेततात. खाण्याचं काही मोठं पथ्य नाही. तेलकट कमी, थोडं थोडं, एवढंच. भाकरी, वरण, भाजी सगळं चालेल.

खडे निघाल्यावरही एक गोष्ट लक्षात ठेवा. एवढी फुगलेली नळी पुन्हा पूर्ण आवळत नाही, आणि काही जणांना पुन्हा खडे होतात. डॉक्टर शेवटी फुग्याने नळी बंद करून औषध सोडतात आणि आत काही उरलंय का ते बघतात. शंका असेल तर पुन्हा स्टेंट टाकतात. तसं झालं तर त्याचीही तारीख तिथेच घ्या. त्यानंतर वर्षातून एकदा सोनोग्राफी आणि लिव्हरच्या रक्ततपासण्या. ज्यांचं पित्ताशय अजून आहे त्यांनी नळी साफ झाल्यावर दोनेक आठवड्यांत ते काढून घ्यावं, नाहीतर वरून पुन्हा खडे येतात. हे तुमच्या आईला लागू नाही, पण वाचणाऱ्यांपैकी अनेकांना असेल.

तारखेच्या आधीच ताप आला तर काय, हे तुम्ही शेवटी विचारलंय. थंडी वाजून ताप, पुन्हा पिवळे डोळे, गडद लघवी, पांढुरकी शी, यातलं काहीही दिसलं तर तारखेची वाट बघू नका. सुस्ती, बरळणं किंवा लघवी कमी होणं म्हणजे जंतू रक्तात पसरलेत. गावच्या डॉक्टरांकडून सलाईन आणि इंजेक्शन अँटिबायोटिक सुरू करून त्याच रात्री निघा. परभणीत नुसतं ॲडमिट होऊन "ताप उतरतोय का बघू" असं दोन-तीन दिवस थांबू नका, जिथे स्टेंट बदलता येतो तिथेच जा. अँटिबायोटिकने ताप थोडा उतरला तरी तुंबलेली नळी तुंबलेलीच राहते. आणि निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना फोन करा. रात्री एक्स-रेचं यंत्र, भूलतज्ज्ञ आणि मदतनीस जमवायला वेळ लागतो. तुम्ही सेलूहून निघेपर्यंत ती तयारी सुरू झालेली असायला हवी.